आउटपुट ट्रान्सफॉर्मर आपणहून जळतो, की त्याला कोणीतरी जाळतं?

संथलहरी
मंडळी, व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि नुसतं ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय.

माझ्या ॲम्पमध्ये पुश-पुल जोडणीत, म्हणजे आळीपाळीने जोर लावणारे, दोन ईएल८४ व्हॉल्व्ह आहेत. त्यांची ताकद स्पीकरला पेलेल अशी करून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर: व्हॉल्व्हकडची गुंडाळी प्रायमरी, स्पीकरकडची सेकंडरी. ऐकता ऐकता आवाज एकदम बारीक आणि फाटका झाला. बंद करून, कपॅसिटर रिकामे करून मीटर लावला. त्याच्या प्रायमरीच्या मधल्या टॅपपासून (मध्यावरून बाहेर काढलेल्या तारेपासून) एका व्हॉल्व्हच्या प्लेटपर्यंत (करंट गोळा करणाऱ्या भागापर्यंत) १३० ओहम, दुसऱ्याच्या प्लेटपर्यंत काहीच नाही. सरळ ओपन, म्हणजे वाट तुटलेली. ज्यांना दाखवला ते म्हणाले, वय झालं, नवीन टाका.

मला हे पटत नाही. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या, तांब्याची तार आणि कागद. त्यात हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही. त्याच ॲम्पचा मेन्स ट्रान्सफॉर्मर तितकाच जुना आहे आणि ठणठणीत आहे. मग हाच का गेला? माझं मत असं की आउटपुट ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा मारला जातो, आणि मारणारा शोधला नाही तर नवा टाकलेलाही त्याच वाटेने जातो. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं. रिवाइंड करावा, म्हणजे तार पुन्हा गुंडाळून घ्यावी, की नवा घ्यावा हेही सांगा.

खरखराट
आधी निदान पक्कं करा, मग अंत्यसंस्कार. मोजताना व्हॉल्व्ह काढले होते का? सॉकेटच्या पिनवर मोजलंत की ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरच? ईएल८४ ची प्लेट ७ नंबरच्या पिनवर असते. तिथला सांधा सुटला असेल तरी मीटर हेच दाखवणार. ट्रान्सफॉर्मर थेट मोजा.

संथलहरी
व्हॉल्व्ह काढूनच मोजलं. ट्रान्सफॉर्मरच्या तारेवर नव्हतं मोजलं, ते आज करतो.

तानपुराप्रेमी
वाचनखूण साठवली आहे. येऊ द्या अजून.

वेढेवाला
मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो, त्यामुळे माझ्याकडे येतात ते मेलेलेच. उघडून पाहिलेलं सांगतो.

मेन्स आणि आउटपुट यांची तुलना करू नका. मेन्सच्या प्रायमरीची तार बऱ्यापैकी जाड असते. आउटपुटच्या प्रायमरीत हजारो वेढे बसवायचे असतात, त्यामुळे तार केसासारखी. छोट्या ॲम्पमध्ये आणि रेडिओत ०.१ मिमीच्या आसपास, कधी त्याहूनही बारीक. आणि एवढ्या बारीक तारेवर अखंड ३०० व्होल्ट डीसी असतात, शेजारी गाभा असतो अर्थिंगला.

यातून एक संथ मृत्यू होतो, त्याकडे लोक लक्ष देत नाहीत. कागदात ओल शिरली की पॉझिटिव्ह तार आणि अर्थिंगचा गाभा यांच्यामध्ये अगदी सूक्ष्म करंट वाहायला लागतो. त्यात पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळतं. इनॅमलला जिथे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असेल तिथेच हे सगळं होतं. उघडलं की कागदावर हिरवा ठिपका दिसतो आणि नेमकी त्याच ठिकाणी तार गायब. दोन्ही टोकं टोकदार झालेली, जणू कोणी तासली आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटरी पॉझिटिव्ह टोक अर्थिंगला लावून वापरतात, ती याच कारणासाठी. तारा अर्थिंगच्या तुलनेत निगेटिव्ह राहिल्या तर तांबं खाल्लं जात नाही. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये नेमकं उलट असतं.

म्हणजे संथलहरी, तुमचं म्हणणं पुष्कळसं खरं, पण पूर्ण नाही. कोणी न जाळताही हा ट्रान्सफॉर्मर जातो. फक्त तेव्हा तो जळलेला नसतो, गंजलेला असतो. वास घेऊन पाहा. जळका, करपट वास नसेल आणि बॉबिनच्या बाहेरचा कागद पिवळट पण स्वच्छ असेल, तर गंज किंवा तुटलेलं टोक. काळा पडलेला, ठिसूळ झालेला कागद असेल तर कोणीतरी जास्त करंट ओढला आहे.

तिसरी शक्यता आनंदाची. बारीक तार जिथे बाहेरच्या जाड लवचिक तारेला जोडतात तो सांधा वरच्या थरात असतो. तिथेच तुटली असेल तर दोन थर कागद सोडवून पुन्हा सांधता येते.

गिटारवेडा
वेढेवाल्यांनी संथ मृत्यू सांगितला, मी तडकाफडकीचा सांगतो. गिटार ॲम्पवाल्यांच्या जगात पहिला खुनी म्हणजे स्पीकर न जोडता वाजवणं.

व्हॉल्व्हला लोड दिसतो तो ट्रान्सफॉर्मरमधून. ८००० ओहमची प्रायमरी आणि ८ ओहमचा स्पीकर म्हणजे इम्पिडन्सचं (एसीला होणाऱ्या अडथळ्याचं) गुणोत्तर १०००, वेढ्यांचं त्याचं वर्गमूळ, साधारण ३१.६. स्पीकर काढला की प्लेटला लोडच राहत नाही. पेंटोड (ईएल८४ सारखा व्हॉल्व्ह) तर करंट ढकलत राहतो, समोर काय आहे याची त्याला फिकीर नसते. जोरात वाजवताना एक व्हॉल्व्ह झटकन बंद होतो, प्रायमरीतला करंट अडतो आणि व्होल्टेज उसळतं. पाण्याचा नळ एकदम बंद केला की पाइप धडधडतो, तसंच. हे उसळलेलं व्होल्टेज काही हजारांत जाऊ शकतं. मग ते जिथे कमकुवत जागा सापडेल तिथून फुटतं: थरांमधल्या कागदातून, गाभ्यात, नाहीतर सॉकेटवर.

सॉकेट बघायची सवय लावा. ऑक्टल (आठ पिनांच्या) बेसच्या ६एल६, ६व्ही६, ईएल३४ मध्ये ३ नंबरची पिन प्लेटची आणि शेजारची २ नंबरची हीटरची. त्या दोघींमध्ये बारीक काळी रेघ दिसली की समजावं, इथून ठिणगी गेली आहे. ती रेघ म्हणजे कार्बन. एकदा पडली की व्होल्टेजला कायमची वाट मिळते, घासून भागत नाही. सॉकेट बदला. नाहीतर नवा ट्रान्सफॉर्मर टाकूनही ॲम्प फटाफट आवाज करत राहील.

शांतारव
असहमत. माझा ॲम्प कित्येकदा स्पीकर न लावता चालू राहिला आहे. काही झालं नाही. ही भीती नेटवर फुगवलेली आहे.

गिटारवेडा
शांतारव, चालू राहिला की वाजत राहिला? फरक तिथे आहे. सिग्नल नसेल तर प्लेटचं व्होल्टेज हलतच नाही, मग उसळणार काय? धोका सिग्नल असताना, आणि सर्वात जास्त ओव्हरड्राइव्हमध्ये. तरी दोन अपवाद आहेत. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे नेणारी जोडणी) असलेले काही ॲम्प लोड काढला की स्वतःच ऑसिलेट व्हायला लागतात, तेही ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर. बाहेरून शांत, आत धुमाकूळ. म्हणून सिग्नल नसतानाही स्पीकर असावाच.

दुसरं, ॲम्पला स्पीकर जोडलेला असूनही तो नसल्यासारखा होतो, तो केबलमुळे. गिटारची वायर आणि स्पीकरची वायर दिसायला सारख्याच, दोन्हींना तोच जॅक. गिटारच्या शील्डेड वायरमधली आतली तार बारीक असते, स्पीकरच्या करंटने तापते, तुटते. आणि तुटते ती ऐन वाजवताना.

शांतारव
हे केबलचं मान्य. सिग्नलचंही पटलं.

फीतफिरकी
मग ट्रान्सफॉर्मरच नको ना! ओटीएल, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरविना ॲम्प, बनवा, हा धागाच बंद होईल. :)

खरखराट
फीतफिरकी, ओटीएल ही गंमत नाही, गंभीर परंपरा आहे. ज्युलियस फटरमन यांचं काम १९५० च्या दशकातलं. पण ८ ओहमच्या स्पीकरला थेट व्हॉल्व्ह जोडायचा म्हणजे ६एएस७ सारखे कमी इम्पिडन्सचे ट्रायोड व्हॉल्व्ह ढीगभर लावायचे, कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) तापवण्यातच कितीतरी वॅट खर्च करायचे, आणि आउटपुट कपॅसिटर नसेल तर व्हॉल्व्ह शॉर्ट झाल्यावर डीसी सरळ स्पीकरमध्ये. ट्रान्सफॉर्मर वाचला, स्पीकर गेला. मला ट्रान्सफॉर्मरच बरा वाटतो. तो निदान डीसी अडवतो.

जुनीलहर
माझा विषय रेडिओ. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर ओपन होणं ही रोजची गोष्ट. त्यातून शिकलेल्या दोन गोष्टी सांगते, ॲम्पवाल्यांच्याही कामाच्या आहेत.

पहिली, काचेकडे बघा. सिंगल-एंडेड, म्हणजे एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेल्या, रेडिओत प्रायमरी तुटली की प्लेटला व्होल्टेज मिळत नाही, पण स्क्रीन ग्रिडला मिळतच राहतं. मग सगळा करंट स्क्रीन ओढून घेते. ती बारीक तारेची जाळी, तिची ऐपत ती किती! दिवा विझवून काचेतून पाहिलं तर प्लेटच्या आत नारिंगी-लाल जाळी दिसते, प्लेट मात्र काळीकुट्ट. हे दिसलं की तात्काळ बंद करायचं. अनेकजण "आवाज येत नाही" म्हणून खटपट करत रेडिओ चालू ठेवतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या जोडीने चांगला व्हॉल्व्हही घालवतात. उलट प्लेट लाल दिसत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतोय, आणि तो करंट प्रायमरीतूनच येतोय.

दुसरी, प्लेटवरचा छोटा कपॅसिटर. जुन्या रेडिओत प्लेट आणि अर्थिंगच्या मध्ये काही हजार पिकोफॅरडचा कागदी कपॅसिटर असतो, आवाजातली कर्कशता मारायला. तो शॉर्ट झाला की एचटी (प्लेटला दिलेलं उच्च डीसी व्होल्टेज) सरळ प्रायमरीतून जमिनीत. तिथे ट्रान्सफॉर्मर हाच फ्यूज. नवा ट्रान्सफॉर्मर टाकण्याआधी तो कपॅसिटर बदलायचा, चांगला वाटला तरी, आणि भरपूर व्होल्टेजचा. संथलहरी म्हणतात तो "मारणारा" रेडिओत बहुतेकदा इथे लपलेला असतो.

वेढेवाला
ताई, अगदी बरोबर. असे ट्रान्सफॉर्मर उघडल्यावर सगळी प्रायमरी एकसारखी करपलेली दिसते. गंजलेल्यात एकच जागा खराब असते.

नवशिका_सोल्डर
एक प्राथमिक प्रश्न. ओपन झालेलं मीटर दाखवतं. पण आतल्या आत दोन वेढे चिकटले असतील तर? ओहम तर जवळपास तेवढेच येणार.

खरखराट
प्रश्न प्राथमिक अजिबात नाही. हजारो वेढ्यांतले पाच शॉर्ट झाले तर मीटर ते दाखवत नाही, पण ते पाच वेढे म्हणजे आत शॉर्ट केलेली एक सेकंडरी असते, सगळी ताकद खाऊन टाकते. लक्षणं: आवाज कमी आणि फाटका, सिग्नल वाढवला की प्लेट लाल, ट्रान्सफॉर्मर कडक गरम.

त्याआधी एक खुलासा. दोन अर्ध्या भागांचे ओहम थोडे वेगळे असतात, म्हणजे एकीकडे १३० आणि दुसरीकडे १४५, यात काही बिघाड नाही. एक अर्धा आत गुंडाळलेला असतो, दुसरा त्याच्या बाहेर. बाहेरच्या वेढ्याचा परीघ मोठा, म्हणून तार लांब. वेढे तेवढेच. यावरून चांगले ट्रान्सफॉर्मर मोडीत गेलेले पाहिलेत.

चिकटलेले वेढे शोधायची माझी आवडती पद्धत नीऑनची. ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून पूर्ण सोडवा, सेकंडरीही मोकळी ठेवा. प्रायमरीच्या दोन टोकांना छोटा नीऑन दिवा लावा, रेझिस्टर नसलेला. त्याच टोकांना ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून काढा. बॅटरी ९ व्होल्टची, नीऑन पेटायला ७०-९० व्होल्ट तरी लागतात, पण तार सुटताना प्रायमरी उसळते आणि नीऑन चमकतो. चमकला म्हणजे वेढे मोकळे. वेढे चिकटलेले असतील तर ती उसळी आतच विरते, नीऑन मंद किंवा मेलेला. बोटं टोकांना लावू नका, झटका चांगलाच बसतो.

दुसरी पद्धत गुणोत्तराची. सेकंडरीला सिग्नल जनरेटरने १ व्होल्ट एसी द्या, ४०० किंवा १००० हर्ट्झ. ८००० ओहमच्या प्रायमरीवर प्लेट ते प्लेट साधारण ३१ व्होल्ट यायला हवेत आणि मधल्या टॅपपासून दोन्हीकडे समसमान. एक बाजू कमी आली तर गडबड. काहीजण हीटरच्या ६.३ व्होल्टने ही चाचणी करतात. चालते, पण मग प्रायमरीवर २०० व्होल्ट असतात हे विसरू नका. छोटा ट्रान्सफॉर्मर म्हणून तो छोटा झटका देत नाही.

आणि शेवटी इन्सुलेशन. मेगर (उच्च व्होल्टेजवर इन्सुलेशन मोजणारं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर प्रायमरी ते गाभा आणि प्रायमरी ते सेकंडरी. साध्या मीटरच्या ९ व्होल्टवर जे ओपन दिसतं ते ३०० व्होल्टवर फुटू शकतं.

नवशिका_सोल्डर
सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार.

संथलहरी
ट्रान्सफॉर्मरच्या तारेवर मोजलं. ओपनच. कव्हर काढलं, करपट वास आहे, वरचा कागद एका बाजूने तपकिरी. म्हणजे वेढेवाल्यांच्या निकषाने हा जाळलेला.

मग त्या बाजूचा व्हॉल्व्ह काढून ग्रिडवर (करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीवर), म्हणजे २ नंबरच्या पिनवर, डीसी मोजलं. शून्य असायला हवं. तिथे ७ व्होल्ट पॉझिटिव्ह! दुसऱ्या बाजूला शून्य. आधीच्या स्टेजचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय. त्या अर्ध्या भागातून किती काळ जास्त करंट वाहत होता कोणास ठाऊक.

खरखराट
सापडला! ७ व्होल्ट म्हणजे फार झालं. ईएल८४ ची प्लेट १२ वॅटची. प्लेटला ३०० व्होल्ट असतील तर ४० मिलिअँपलाच मर्यादा गाठली जाते. ग्रिड पॉझिटिव्हकडे ढकलली की त्याच्या कितीतरी वर जातो. दोन्ही कपलिंग कपॅसिटर बदला, एकच नको. तो व्हॉल्व्हही बदला. इतका तापलेला व्हॉल्व्ह आतून वायू सोडतो आणि ग्रिड करंटने पुन्हा तेच दुष्टचक्र सुरू करतो.

स्क्रीनचे रेझिस्टरही मोजा. १०० ते १००० ओहमचे असतात, जळका डाग नसला तरी किंमत सरकलेली असते.

स्थिरस्वर
एक मुद्दा राहिला. वर जुनीलहर यांनी स्क्रीन लाल होण्याचं लिहिलं, पण अल्ट्रा-लिनिअर ॲम्पमध्ये ते नेहमी दिसणार नाही. हाफ्लर आणि केरोस यांचा लेख १९५१ चा, तेव्हापासून ही जोडणी घरोघरी पोचली. त्याआधी ब्लमलाइन यांच्या १९३७ च्या पेटंटमध्ये तिचं मूळ आहे. स्क्रीन थेट एचटीला न लावता प्रायमरीवरच्या टॅपला लावतात. प्रसिद्ध टॅप ४३ टक्के वेढ्यांवरचा.

आता तार कुठे तुटली त्यावर लक्षण ठरतं. मधला टॅप आणि स्क्रीनचा टॅप यांच्यामध्ये तुटली तर प्लेट आणि स्क्रीन दोघींनाही व्होल्टेज नाही. व्हॉल्व्ह गप्प, थंड, काहीच लाल नाही. स्क्रीनच्या टॅपच्या पुढे, प्लेटच्या बाजूला तुटली तर स्क्रीन लाल. म्हणजे काचेकडे बघूनच कोणता तुकडा तुटला हे कळतं.

जुनीलहर
हे माहीत नव्हतं, छानच.

गिटारवेडा
आता बचावाबद्दल. गिटार ॲम्पमध्ये अनेकजण प्रत्येक प्लेटपासून अर्थिंगपर्यंत तीन १एन४००७ डायोड सिरीजमध्ये टाकतात, पट्टीचं टोक प्लेटकडे. एक प्लेट वर उसळते तेव्हा दुसरी त्याच ट्रान्सफॉर्मरमुळे शून्याखाली जाते. शून्याखाली गेली की डायोड धरतो, म्हणजे वरची प्लेटही एचटीच्या दुपटीच्या आसपास अडते. तीन अशासाठी की एका डायोडची मर्यादा १००० व्होल्ट, आणि पूर्ण आवाजात प्लेट तेवढी सहज गाठते.

स्थिरस्वर
मला हे डायोड आवडत नाहीत. डायोड मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच मरतो. तिन्ही शॉर्ट झाले तर एचटी प्रायमरीतून सरळ जमिनीत. ज्याला वाचवायला बसवले त्यालाच जाळणार. माझ्या मते पहिला मान एचटीच्या फ्यूजला. तो असेल तर कपॅसिटर गळो, व्हॉल्व्ह शॉर्ट होवो, डायोड जावो, तार वाचते. कितीतरी ॲम्पमध्ये फक्त मेन्सचा फ्यूज असतो, आणि एका व्हॉल्व्हचा वाढलेला करंट त्याला जाणवतही नाही.

गिटारवेडा
फ्यूज हवाच, त्यावर वाद नाही. पण फ्यूज उसळीपासून वाचवत नाही, ती मायक्रोसेकंदांची गोष्ट. दोन वेगळे खुनी, दोन वेगळे पहारेकरी. माझ्या बेंचवरचा प्रत्येक गिटार ॲम्प डायोड आणि फ्यूज दोन्ही घेऊन जातो.

फेंडरच्या पद्धतीचं मात्र मला कौतुक आहे. स्पीकरचा जॅकच असा की प्लग काढला की आउटपुट शॉर्ट होतं. ट्रान्झिस्टरवाल्यांना हे ऐकून धडकी भरते. पण व्हॉल्व्ह ॲम्पला क्षणभराचा शॉर्ट ओपनपेक्षा खूप सोसवतो. लोड चुकवायचाच असेल तर खालच्या बाजूला चुकवा. ८ ओहमच्या आउटपुटला ४ चा स्पीकर लावला तर व्हॉल्व्ह जास्त तापतील. १६ चा लावला तर व्होल्टेज वाढेल. दोन्हीकडे दुपटीपर्यंत सहसा निभावतं, त्यापुढे वरच्या बाजूला जाऊ नये.

शांतारव
आणि साधा उपाय: आउटपुट जॅकवर कायमचा २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर. ८ ओहमपुढे तो काहीच खात नाही, स्पीकर सुटला तर निदान काहीतरी लोड राहतो. वरचं सगळं वाचून आजच लावला.

तानपुराप्रेमी
+१. मीही लावणार.

संथलहरी
आता दुसरा प्रश्न. रिवाइंड की नवा? जुन्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज नव्याला येत नाही असं खूपजण म्हणतात.

फीतफिरकी
जुनाच आवाज हवा असेल तर रिवाइंड. त्या काळच्या लोखंडाची सर नव्याला नाही, यावर मी ठाम आहे.

वेढेवाला
लोखंड तेच राहतं हे खरं, पण आवाज फक्त लोखंडात नसतो. प्रायमरी आणि सेकंडरी किती तुकड्यांत, कोणत्या क्रमाने एकमेकांत बसवल्या आहेत त्यावर वरचा पट्टा ठरतो. सगळी प्रायमरी आधी आणि सगळी सेकंडरी वर असं कोणी गुंडाळून दिलं तर लीकेज इंडक्टन्स (दोन गुंडाळ्या एकमेकींशी पूर्ण न जुळण्याचं माप) वाढतं, वरचे स्वर बसतात, आणि फीडबॅक असेल तर ॲम्प अस्थिर होतो. म्हणून रिवाइंड करणाऱ्याला आधी हेच विचारा: उघडताना प्रत्येक थराचे वेढे मोजून, क्रम लिहून, तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजून ठेवणार का? "अंदाजाने भरतो" म्हणाला तर ट्रान्सफॉर्मर परत घ्या.

पट्ट्या भरण्याची पद्धतही तशीच पाळावी. पुश-पुलमध्ये पट्ट्या आलटून पालटून भरतात, फट नसते. सिंगल-एंडेडमध्ये सगळ्या ई आकाराच्या पट्ट्या एकीकडे, सगळ्या आय आकाराच्या दुसरीकडे आणि मध्ये कागदाची फट, कारण तिथे डीसी एकाच दिशेने वाहतो आणि फट नसेल तर गाभा सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने पूर्ण भरून जातो). घाईत ती फट विसरून पट्ट्या आलटून भरलेला ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे आला होता, बास औषधालाही नव्हता. शेवटी व्हार्निश, तेही व्हॅक्यूममध्ये, नाहीतर आत हवा आणि ओल राहते आणि तो हिरवा ठिपका पुन्हा उगवतो.

संथलहरी, ॲम्प साधा असेल आणि तुमच्या मापाचा नवा मिळत असेल तर नवा घ्या. दुर्मीळ असेल, विचित्र टॅप असतील, तर रिवाइंड.

नवशिका_सोल्डर
रेडिओसाठी पीए (सार्वजनिक लाउडस्पीकर) सिस्टिमचा लाइन ट्रान्सफॉर्मर चालतो म्हणतात, खरं का?

जुनीलहर
कामचलाऊ म्हणून चालतो. १०० व्होल्टच्या लाइनचा असेल तर हिशेब सोपा: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २.५ वॅटचा टॅप म्हणजे ४००० ओहम, १.२५ वॅटचा म्हणजे ८०००. पण त्यात फट नसते, म्हणून सिंगल-एंडेड रेडिओत बास पातळ होतो. बातम्या ऐकायला उत्तम, तबला ऐकायला नाही.

संथलहरी
नवा बसवला. कपलिंग कपॅसिटर, स्क्रीनचे रेझिस्टर, व्हॉल्व्ह नवे. एचटीला फ्यूजही टाकला. मेन्सच्या सिरीजमध्ये करंट आवरणारा बल्ब लावून चालू केलं आणि ॲम्प जोरात शिट्टी मारायला लागला. लगेच बंद केला.

खरखराट
घाबरू नका, फेज उलटी झाली आहे. फीडबॅक सेकंडरीवरून परत येतो. प्रायमरीची दोन टोकं उलटी लागली की निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो. प्लेटच्या दोन तारा अदलाबदल करा. तोवर शिट्टीत अजिबात चालवू नका, तो पूर्ण पॉवरचा आवाज आहे, नव्या ट्रान्सफॉर्मरवर आणि स्पीकरवर दोन्हीवर.

पुढच्या वेळी कोणी बदलणार असेल तर आधी फीडबॅकचा रेझिस्टर एका टोकाने सोडवावा, छोटा सिग्नल द्यावा, आउटपुट मोजावं, मग रेझिस्टर टेकवावा. व्होल्टेज कमी झालं तर बरोबर, वाढलं तर तारा बदला. आणि तो रेझिस्टर जुन्यात ज्या टॅपवर होता त्याच टॅपवर जोडा. १६ ओहमवरून काढलेला फीडबॅक ८ वर लावला तर फीडबॅक कमी होतो.

ॲम्प उघडा असताना काम करणाऱ्या सगळ्यांसाठी: कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले राहतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरने शून्य बघूनच हात घाला.

संथलहरी
तारा बदलल्या. शिट्टी गेली. दोन्ही कॅथोडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकून मोजतोय, १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँप. दोन्हीकडे ३४-३५ आहे, ग्रिडवर शून्य.

खरखराट
उत्तम. तासभर चालवून पुन्हा मोजा, गरम झाल्यावर सरकतं का बघा.

जुनीलहर
वेढेवाले, गंजाचं वाचल्यापासून काळजी लागली आहे. बरीच वर्षं ओलसर खोलीत पडून असलेला रेडिओ चालू करण्याआधी काय करावं?

वेढेवाला
ताई, थेट मेन्सला लावू नका. काही दिवस कोरड्या, उबदार खोलीत उघडा ठेवा. मग मेगरने ५०० व्होल्टवर गाभ्याशी इन्सुलेशन बघा. कमी येत असेल तर अजून सुकवा. आकडा चढत गेला तर फक्त ओल होती, चढतच नसेल तर आत कागद गेला आहे. चांगला आला की मग सिरीज बल्बवर.

संथलहरी
अजून एक. नव्या ट्रान्सफॉर्मरला ४ आणि १६ ओहमच्या तारा शिल्लक आहेत, मी फक्त ८ वापरतोय. एकत्र गुंडाळून टेप लावू ना?

वेढेवाला
एकत्र अजिबात नको! प्रत्येक टोकावर वेगळी स्लीव्ह चढवा आणि वेगवेगळी बांधा. ४ आणि १६ ची टोकं आत एकमेकांना टेकली तर मधले सगळे वेढे शॉर्ट.